मनगटाची साक्ष

उलटेकाकांच्या पिशवीत नेहमी एक संत्रं असायचं आणि ते खायची कोणाला परवानगी नव्हती. काटोलचा माल बाजारात आला की ते स्वतः जाऊन, उलटंपालटं करून, सगळीकडून एकसारख्या रंगाचं एकच संत्रं उचलायचे. संत्रेवाला म्हणायचा, "काका, डझनभर घ्या ना गा, एकाले काय करता?" काका शांतपणे सांगायचे, "खायचं नाही, साक्षीला उभं करायचं आहे." त्या बिचाऱ्याला कित्येक दिवस वाटत होतं की हे गृहस्थ कोर्टात कामाला आहेत.

कोर्टात नव्हते. नागपूरच्या महाल भागातल्या एका गल्लीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. पुढे एक बाक, मध्ये पडदा, मागे अंधारी खोली. त्यांचं आडनाव उलटे नव्हतं, ते गल्लीनं ठेवलं होतं. का ठेवलं ते सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. त्या काळी रंगीत फिल्म दोन जातींच्या असत. एकीवर चित्र जसंच्या तसं उमटायचं, ती भिंतीवर पाडून बघायची, तिला स्लाइड म्हणत. दुसरीवर उलटं उमटायचं, काळ्याचं पांढरं, आणि तिच्यावरून कागदावर फोटो काढायचे, ती निगेटिव्ह. दोघींची धुवायची औषधं वेगळी. केमिकलला आम्ही औषधच म्हणायचो. काका काय करायचे, तर स्लाइडची फिल्म मुद्दाम निगेटिव्हच्या औषधात घालायचे. मग जे निघायचं त्याला या जगातला रंग म्हणता येत नसे. आकाश हिरवं, पानं निळी, माणसं पिवळी. कधी इतकं देखणं यायचं की बघत राहावं, आणि कधी इतकं भेसूर की बघवू नये. गल्लीतले लोक म्हणायचे, "औषध उलटं, फोटो उलटा, माणूसही उलटा." झाले उलटेकाका.

आता ते असं का करायचे? सुरुवात तशी साधी होती. धंतोलीतल्या डॉक्टरांना भाषणांसाठी स्लाइड लागत, रोग्यांच्या कातडीच्या, एक्स-रेच्या. ते काम काकांकडे असे. फिल्म इथे भरायची आणि धुवायला मुंबईला पाठवायची. मुदत संपलेले रोल डॉक्टर काकांना देऊन टाकायचे आणि स्लाइडचं औषध तर नागपुरात मिळत नव्हतं. निगेटिव्हचं तेवढं त्यांनी कसंबसं मिळवलं होतं. म्हणून एकदा घालून पाहिलं. पण पहिल्यांदा गरजेपोटी केलं ते नंतर त्यांना जडलं. दोन कडवट गोष्टी एकत्र करून गोड निघेल का, असं काहीतरी त्यांच्या मनात सतत शिजत असायचं.

मी त्यांच्याकडे फोटो रंगवायला होते. म्हणजे काळ्यापांढऱ्या फोटोवर काडीला कापूस गुंडाळून पातळ रंग चढवायचे. ओठ, गाल, साडीचे काठ. सातवीनंतर माझी शाळा सुटली, चित्रकला कोणी शिकवली नाही. घरात एकच मोठा फोटो होता, दीक्षेच्या दिवसाचा. आजी, बाबा, आत्या, सगळे पांढऱ्या कपड्यांत. त्यात रंगवण्यासारखे नुसते चेहरेच. ते मी लहानपणी मनातल्या मनात इतक्यांदा रंगवले होते की तोच माझा अभ्यास झाला. पुढे लग्न झालं, दोन लेकरं झाली, मालक गिरणीत जायचे, आणि मी दुपारी स्टुडिओत. काका मला "सुशीलाबाई" म्हणायचे आणि चिडले की नुसतं "बाई".

चेहरा रंगवताना गिऱ्हाईक पाठीमागे उभं राहून हमखास सांगायचं, "जरा गोरं करा." मुलीचा फोटो स्थळाकडे जायचा असो, की वारलेल्या सासऱ्याचा भिंतीवर लागायचा असो, गोरं करा. मी करायची. हातच तसा बसला होता. काका काही बोलायचे नाहीत, पण एकदा म्हणाले, "सुशीलाबाई, तुम्ही नागपूरच्या अर्ध्या लोकांना काश्मीरला पाठवलंत." मी म्हटलं, "आणि तुम्ही उरलेल्यांना हिरवं केलंत." तेव्हा मात्र ते मनापासून हसले.

संत्र्याचं आता सांगते. काका उलट्या धुवायच्या प्रत्येक रोलवर पहिला फोटो संत्र्याचा काढायचे. संत्रं मी हातात धरायची. हा त्यांचा साक्षीदार. सगळे रंग खोटे आले तरी संत्रं मुळात कसं होतं ते समोर असायचं. मग फोटो मोठा करायच्या यंत्रात रंगीत जिलेटिनचे चौकोनी तुकडे एकावर एक घालून, काढून, पुन्हा घालून ते कागदावर संत्रं खरं आणायचे. संत्रं खरं आलं की त्याच चौकोनांतून बाकीचे फोटो काढायचे. मी एकदा म्हटलं, "एवढं कशाला? संत्रं कसं असतं ते डोळ्यांना माहीत नाही का?" त्यावर जे म्हणाले ते मी विसरले नाही. "डोळा मायाळू असतो, बाई. त्याला जे आवडतं तसंच तो सांगतो. त्याची साक्ष धरायची नाही."

त्या औषधाला पाणी कोमट लागायचं, अंगात ताप आल्यावर असतं तसं. हिवाळ्यात आम्ही स्टोव्हवर पाणी तापवायचो आणि एका डॉक्टरांनी दिलेलं थर्मामीटर घमेल्यात बुडवून बसायचो. मे महिन्यात मात्र गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळातून त्याच्यापेक्षाही कढत यायचं, तेव्हा बर्फ टाकून ते गार करावं लागायचं. काका म्हणायचे, "साऱ्या देशात फिल्म ताप आणून धुतात, नागपुरात ताप उतरवून." अशा गमती चालायच्या. म्हणून पुढचं लिहायला जड जातं.

उमरेडचा एक मुलगा यायचा, श्रावण. घरी हातमाग, पण हा शिकला आणि कोळसा खाणीच्या बाजूला कारकून म्हणून लागला. त्यानं जुना कॅमेरा घेतला होता. बिघडला की काकांकडे आणायचा आणि तासभर बसायचा. बोलका, दात पांढरेशुभ्र. होळीच्या आधी काकांनी त्याला मुदत संपलेला एक स्लाइडचा रोल दिला. "काढ फोटो, आण इकडेच." संत्र्याचं सांगायचं मात्र विसरले.

त्यानंतर तो आला नाही. पोळा झाल्यावर त्याची आई आली. गिरजाबाई. उंच, हाडापेराची बाई, सुताचा रंग बसून बोटं निळी झालेली. पदराखालून तिनं कॅमेरा काढून बाकावर ठेवला आणि म्हणाली, "भाऊ, याच्यात श्रावणचे फोटो आहेत म्हणते त्याचा दोस्त. दारातल्या निंबाखाली काढले होते. श्रावण गेला."

पावसाळ्यात कावीळ झाली. उमरेडहून इथं दवाखान्यात आणला, पंधरा दिवस ठेवला, वाचला नाही. काका बाकावर बसून ऐकत होते. मी पडद्याशी उभी होते.

"घरी त्याचा दुसरा फोटो नाही का?" मी विचारलं.

"शाळेतला आहे, काळापांढरा. लहान आहे त्याच्यात." तिनं कॅमेऱ्यावरून पदर फिरवला. "शेवटी शेवटी पोरगा हळदीसारखा झाला होता, पोरी. डोळे पिवळे, नखं पिवळी. डोळे मिटले की मले तोच दिसते. याच्यात तो चांगला असंन. मले त्याचा रंग पाहायचा आहे, बस."

काका म्हणाले, "आठ दिवसांनी या."

तो रोल मुंबईला जायला हवा होता. मला माहीत होतं, काकांना तर माहीत होतंच. मी पाकीटही काढून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आले तर पाकीट तसंच होतं आणि मागच्या खोलीत रोल दोरीवर वाळत होता. "काका, हा उलटा धुतला?"

"टपालात गहाळ झाला असता तर? मागचे सगळे रोल किती चांगले आले, पाहिलेस ना?" असं म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मला एरवी कधी अगंतुगं करत नसत.

फोटो काढायला बसले तेव्हा पहिली फ्रेम त्यांनी सवयीनं शोधली. पहिल्या फ्रेममध्ये संत्रं नव्हतं. श्रावण होता, हसणारा. जे तुकडे घालून मागचा रोल खरा झाला होता, ते घातले. श्रावण पिवळा आला. बदलले, हिरवट पिवळा आला. खरा रंग कोणता, तिथे पोचलो की नाही, हे सांगणारं त्या रोलवर काहीच नव्हतं. मी म्हटलं, "तुम्ही तर त्याला बघितलं होतं." काका म्हणाले, "तासन् तास. आता आठवतो तो काळा की सावळा? सांग बरं तू." आणि मलाही सांगता येईना.

गिरजाबाई ठरल्या दिवशी आली. फोटो दाखवायचे नाहीत, काहीतरी सबब सांगायची, असं मी सुचवलं होतं. काकांनी ऐकलं नाही. त्यांनी सगळ्यांत बरा आलेला फोटो तिच्या हातात दिला. तिनं तो दाराच्या उजेडात धरला. बराच वेळ धरला. मग बाकावर पालथा घातला आणि म्हणाली, "हा तं दवाखान्यातलाच आहे."

रडली असती तर बरं झालं असतं. काका उभे राहिले. त्यांच्यासारखा माणूस गिऱ्हाइकापुढे हात जोडून उभा राहिलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. म्हणाले, "बाई, हे फिल्मचं काम नाही, माझं आहे. ही मुंबईला पाठवली असती तर तुमचा मुलगा जसा होता तसा आला असता. मी इथेच धुतली. टपालाचं निमित्त मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला बघायचं होतं, कशी येते ते."

"मंग आता पुन्हा धुवा," ती म्हणाली.

"पुन्हा धुता येत नाही."

मग काकांनी विचारलं, "या फोटोतलं काही जसंच्या तसं शिल्लक आहे का? त्याचा शर्ट?"

"देऊन टाकले कपडे."

"भिंत?"

"चुना लावला."

"निंब?"

"तवा तांबडी पालवी होती. आता हिरवा झाला."

काका खाली बसले. "मग साक्षीला कोणीच नाही," असं अगदी हळू म्हणाले. साक्ष म्हणजे काय ते तिला कळायचं कारण नव्हतं, म्हणून मी संत्र्याची सगळी गोष्ट सांगितली. ती ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं बांगड्या मागे सारल्या आणि हात बाकावर ठेवला.

"हा घ्या. श्रावण माह्या रंगाचा होता. हाताले हात लावून बसलो तं कोणता कोणाचा समजत नव्हतं. बोटं सोडा, त्याले सुताचा रंग बसला. हे मनगट घ्या."

तिची चूक नसताना ती मदत करत होती, हे काकांना सहन होईना हे मला दिसत होतं. पण त्यांचं डोकं चालू झालं. त्याच खोक्यातला एक रोल अजून शिल्लक होता. त्याच रोलवर, त्याच जागी, त्याच उन्हात तिचं मनगट घ्यायचं. तसंच उलटं धुवायचं. मग मनगट कागदावर खरं येईपर्यंत तुकडे बदलायचे, आणि त्या तुकड्यांतून श्रावणला काढायचं.

दसऱ्याच्या सुमारास आम्ही दोघं एस.टी.नं उमरेडला गेलो. त्याच्या आधी जाऊ या, असं मी म्हणत होते. काका म्हणाले, "फोटो होळीचे आहेत. होळीचं आणि दसऱ्याचं ऊन सारखं तिरपं असतं. थांबावंच लागेल." पिशवीत नव्या मोसमाचं, अर्धं हिरवं संत्रं होतंच.

अंगणात सुताच्या लडी वाळत होत्या. श्रावणच्या फोटोत निंबाची सावली उंबऱ्याला टेकलेली होती, म्हणून आम्ही सावली तिथे पोचायची वाट बघत बसलो. गिरजाबाईनं चहा केला. शेजारची एक म्हातारी येऊन विचारून गेली, "काय करून राहिले वं हे?" गिरजाबाई म्हणाली, "श्रावणचा रंग शोधून राहिले." म्हातारी तिथेच भिंतीला टेकून बसली.

सावली उंबऱ्याला लागली. गिरजाबाई श्रावण उभा होता तिथे उभी राहिली, हात पुढे केला. शेजारी संत्रं धरायला काका गेले, कारण कॅमेरा माझ्या हातात होता. "माझं तोंड घेऊ नका," त्यांनी बजावलं. मी तीन फोटो हाताचे काढले आणि चौथ्या वेळी दोन पावलं मागे सरून दोघांना पूर्ण घेतलं. का घेतलं, सांगता येत नाही. रोल धुतल्यावर ते कुरकुरले, "फिल्म वाया घालवलीत, बाई." पण कापून टाकली नाही.

पुढच्या आठवड्यात गिरजाबाई नागपूरला आली आणि सकाळपासून स्टुडिओच्या दारात बसली. काका आत एक फोटो काढायचे, मी तो वाळवायची. ओला दाखवू द्यायचे नाहीत, ओला रंग फसवतो म्हणायचे. वाळला की ती त्याला मनगट लावून बघायची. "पिवळा आहे अजून." पुन्हा. "आता लाल झाला." पुन्हा. दुपार उलटली. सातवा की आठवा असेल, तिनं मनगट लावलं आणि फोटो कुठे संपतो आणि हात कुठे सुरू होतो ते मलाही कळेना. काकांनी तुकड्यांवर छापलेले आकडे पाकिटावर लिहून घेतले आणि त्याच आकड्यांवर श्रावणला काढलं.

तो आला. काळासावळा, पांढऱ्या दातांचा, हसरा. मागचा निंब जांभळा झाला होता आणि भिंत गुलाबी. पण तो आला. मी सवयीनं कापसाची काडी उचलली. म्हटलं, "मावशी, गालाला जरा उजाळा देऊ?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "काहून? काळा होता म्हणून कमी होता का?"

मी काडी खाली ठेवली. त्या दिवसापासून मी कोणालाही गोरं केलं नाही. काही गिऱ्हाइकं गेली, जाऊ दिली.

काकांना अजून चैन नव्हतं. "बाई, झाडाचा रंग मात्र मला आणता आला नाही."

ती फोटो पदराच्या टोकात गुंडाळत होती. म्हणाली, "राहू द्या, भाऊ. झाड तं दारात उभं आहे, त्याचा रंग रोज पाहते."

त्यानंतर काकांनी दुसऱ्याचा रोल कधीही उलटा धुतला नाही. दारावर पाटी लावली नाही की कोणाला शपथ सांगितली नाही, पण रोल आला की माझ्या देखत पाकिटात घालून बंद करायचे आणि म्हणायचे, "सुशीलाबाई, टपालात तुम्ही टाका." स्वतःवरचा भरवसा त्यांनी असा माझ्याकडे ठेवायला दिला. आपले स्वतःचे खेळ चालू होते, संत्रं चालू होतं, पण पूर्वीची ती घाई गेली.

पुढे सीताबर्डीवर यंत्राच्या कलर लॅब आल्या, तासाभरात फोटो. आमच्याकडे येणारे कमी होत गेले. काकू आधीच गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. एका हिवाळ्यात काका झोपून राहिले ते उठलेच नाहीत. मी त्यांचं मनगट धरून बसले होते. औषधानं नखांवर पडलेला तपकिरी डाग शेवटपर्यंत तसाच होता.

तेराव्याला लावायला पुतण्यानं फोटो मागितला. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोटो काढणाऱ्या माणसाचा एकही फोटो निघाला नाही. मग मला उमरेडचा तो चौथा आठवला. पाकिटात पट्टी होती, पाकिटावर काकांच्या अक्षरात आकडे होते. मी त्यांच्याच यंत्रावर काढला. पण मधल्या काळात कागद बदलला होता, औषध बदललं होतं, आकडे जुळेनात. एक लालसर आला, एक पिवळट, एक मधला. मधला मला खरा वाटत होता. पण खरं सांगते, मला तो खरा वाटत होता की आवडत होता, हे मला ठरवता येईना. डोळा मायाळू असतो.

पुतण्या म्हणाला, "कोणताही द्या, जरा उजळ करून." मी म्हटलं, "दोन दिवस थांबा," आणि तिन्ही फोटो घेऊन उमरेडची एस.टी. धरली.

गिरजाबाई अंगणातच होती, निंबाखाली. वाकली होती. मी काका गेल्याचं सांगितलं. तिनं माझ्या हातातले फोटो घेतले. तिन्हींत ती होती, हात पुढे केलेली, आणि शेजारी काका, हातात अर्धं हिरवं संत्रं, तोंड वाकडं केलेलं. तिनं बांगड्या मागे सारल्या.

"मनगट म्हातारं झालं वं आता. सुरकुत्या पडल्या."

"रंग तोच आहे, मावशी."

तिनं एकेका फोटोतल्या आपल्या जुन्या मनगटाशी आपलं आताचं मनगट लावून पाहिलं. लालसर बाजूला ठेवला. मला आवडलेला मधला उचलला, बघितला, तोही बाजूला ठेवला. उरलेल्या, मला पिवळट वाटलेल्या फोटोला मनगट लावून ती थांबली.

"हा," ती म्हणाली. "असेच होते भाऊ."